सोंड हत्तीची, शेपूट मोराचं!

तुमच्या देवघरात प्रभावळ असेल, तर ती एकदा उजेडात धरून नीट बघा. पितळेची असो, चांदीची असो किंवा लाकडावर पत्रा चढवलेली असो. वर मधोमध वटारलेल्या डोळ्यांचं कीर्तिमुख दिसेल. कमानीची दोन टोकं जिथे खांबांवर टेकतात, तिथे मात्र दोन विचित्र प्राणी तोंड उघडून बसलेले असतात. रोज फूल वाहताना आपला हात त्यांना लागतो, पण हा प्राणी कोणता, असं विचारलं तर घरातली निम्मी माणसं हत्ती म्हणतील आणि निम्मी मगर म्हणतील. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

तो मकर. कुठल्याही समुद्रात न सापडणारा समुद्रातला प्राणी! सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, कान डुकराचे, पाय सिंहाचे, अंगावर कधी माशाचे खवले आणि शेपूट मोराच्या पिसाऱ्यासारखं फुलत गेलेलं. मंदिरागणिक आणि कारागिरागणिक अवयव थोडे बदलतात, पण जोडून केलेला हा प्राणी ओळखू येतो तो येतोच. आपल्या मराठी 'मगर' शब्दाचं मूळही हाच संस्कृत 'मकर'. कन्नडमध्ये मगरीला आपण 'मोसळे' म्हणतो, पण देवळाच्या कमानीला मात्र दोन्ही भाषांत 'मकरतोरण'च म्हणतो. दोन भाषांच्या घरात वाढलेल्यांना असे शब्द भेटले की बरं वाटतं. भाषांतर करावं लागत नाही ना!

हा लेख या मकराबद्दल आहे, आणि तो मला नव्याने भेटला तो आपल्या सीमाभागात नव्हे, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला.

शेपटीचा घाट

बालाघाट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला मराठवाड्यातली बालाघाटची डोंगररांग आठवते. इतिहास वाचणाऱ्यांना 'कर्नाटक-बालाघाट' हा जुना मुलूखही आठवेल. 'बाला' म्हणजे वरचा, म्हणून बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. मी म्हणते तो बालाघाट जिल्हा मात्र गोंदियाच्या पलीकडे, वैनगंगेच्या काठी. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, पुणे, मनमाड, नागपूर करत गोंदियाला पोचते. तिथून बालाघाट चाळीसेक किलोमीटर. भरवेलीची मँगनीजची खाण, मलाजखंडचं तांबं, कान्हाचं जंगल आणि चिन्नोर तांदूळ ही तिथली ओळख. या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

माझी धाकटी बहीण तिथे दिली आहे. आमचे वडील बेळगावकडचे मराठी, आई गोकाककडची कन्नड. त्यामुळे आम्ही बहिणी लहानपणी अर्धं वाक्य एका भाषेत सुरू करायचो आणि उरलेलं दुसऱ्या भाषेत संपवायचो. बहिणीच्या सासरी घरात मराठी, शेजारात पोवारी आणि बाजारात हिंदी. तिचा नऊ वर्षांचा मुलगा या सगळ्यांत लीलया पोहायचा. रविवारी आईचा फोन गेला की तिच्याशी कन्नडही बोलायचा, चुकतमाकत पण हौसेनं.

गेल्या वर्षी ते हळूहळू थांबलं. आई कन्नडमध्ये विचारायची, हा हिंदीत उत्तर द्यायचा. मग 'हां', 'नहीं' एवढंच. मग फोन आला की हा अंगणात. बहिणीनं खोदून विचारल्यावर कळलं की वर्गातल्या पोरांनी त्याला विचारलं होतं, "तू नक्की कुठला?" त्यानं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. आई बेळगावची, अज्जी कन्नड, घरी मराठी, आणि आम्ही मध्य प्रदेशात राहतो. पोरं हसली. "मतलब कहीं का नहीं!" एवढंच वाक्य. पण ते त्याच्या मनात रुतून बसलं आणि त्यानं आपल्या परीनं हिशेब केला. चार भाषांतली एखादी कमी केली तर आपण जरा तरी कुठले तरी होऊ. कमी कोणती करायची? जी फक्त फोनवर येते ती.

आईनं तक्रार केली नाही. तिनं फोनवर बोलणं थोडक्यात आवरायला सुरुवात केली, एवढंच. मला एकदा म्हणाली, "त्याच्याशी मी हिंदी शिकून बोलू का गं?" सत्तरी ओलांडलेल्या बाईचा तो प्रश्न ऐकून मला काही सुचेना.

समुद्र न पाहिलेल्यांचा समुद्र

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच्या शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. विषय 'पाण्यातले जीव', आणि अट एकच, की विकतचं सामान वापरायचं नाही. मी तेव्हा बालाघाटला होते. त्याला देवमासा करायचा होता. पण त्यानं समुद्र कधी पाहिलेला नाही, त्यामुळे देवमाशाचा अंदाज येत नव्हता. "मावशी, पाहिलं नाही ते करायचं कसं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, ज्यांनी समुद्र क्वचितच पाहिला असेल अशा माणसांनी हजारो वर्षं समुद्रातला प्राणी घडवलाय. कसं ते सांगते.

बिहारमधल्या बराबर टेकड्यांतली लोमश ऋषी गुंफा घ्या. सम्राट अशोकाच्या काळची, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली मानतात. तिच्या दाराच्या कमानीवर हत्तींची रांग आहे आणि कमानीच्या दोन्ही टोकांना मकर आहेत. म्हणजे आपल्या प्रभावळीतली त्याची जागा तेव्हापासूनची! मध्य प्रदेशातल्याच भरहुतच्या स्तूपावर तो आहे. विदिशेजवळच्या उदयगिरीला, पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या भव्य वराहशिल्पात, गंगा मकरावर आणि यमुना कासवावर उभी राहून समुद्राकडे निघालेली दिसते. वेरूळच्या कैलास लेण्यात नदीदेवतांचं वेगळं दालन आहे, तिथेही गंगेच्या पायाखाली मकरच.

ही ठिकाणं समुद्रापासून दूर आहेत. समुद्रात काहीतरी प्रचंड, ताकदवान आणि देखणं राहतं, असं कारागीर ऐकून होते. मग जे ठाऊक होतं त्यातूनच त्यांनी ते उभं केलं. ताकदीसाठी हत्तीची सोंड, दरारा हवा म्हणून मगरीचा जबडा, झेप सिंहाची, सौंदर्य मोराचं. त्याला खोटा प्राणी कोणी म्हटलं नाही. उलट वरुणाचं आणि गंगेचं वाहन केलं, कामदेवाच्या ध्वजावर बसवलं, पंढरीच्या विठोबाच्या कानांत मकरकुंडलं घातली. आणि विठोबाला तर आपल्या संतांनी 'कानडा' म्हणून ठेवलेलंच आहे.

कर्नाटकात या प्राण्याचे जितके लाड झाले तितके क्वचितच कुठे झाले असतील. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या जोत्यावर थरांवर थर आहेत. तळाशी हत्ती, मग सिंह, वेलबुट्टी, घोडेस्वार, पुराणातल्या कथा, आणि त्यांच्या वर मकरांची न संपणारी रांग, तिच्या डोक्यावर हंस. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूरच्या मंदिरांना २०२३ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा आपल्याकडची कितीतरी कुटुंबं सहलीला जाऊन आली. पुढच्या खेपेला मुलांना ती रांग दाखवा आणि प्रत्येक मकरात किती प्राणी सापडतात ते मोजायला सांगा. तासभर मुलं जागची हलणार नाहीत.

मकर परदेशीही गेला. नेपाळच्या दगडी पाणवठ्यांवर त्याच्या तोंडातून पाणी पडतं. जावा बेटावरच्या बोरोबुदूरला तो जिन्यांच्या कठड्यांवर आहे. आणि संक्रांतीचा मकर? त्याची गोष्ट उलट दिशेची. ती रास मुळात बाबिलोनची, पुढून बोकड आणि मागून मासा अशा प्राण्याची. ग्रीकांमार्फत राशी भारतात आल्या, तेव्हा आपल्या लोकांनी त्या बोकड-माशाला आपल्या ओळखीच्या मकराच्या घरात जागा दिली. जोडून केलेल्याला जोडून केलेलाच सोयरा मिळाला म्हणायचा!

कुंतलाची लेक, विदर्भाची सून

बालाघाटबद्दल आणखी एक गोष्ट मला सीमाभागातल्या वाचकांना मुद्दाम सांगायची आहे.

या जिल्ह्यात वाकाटक राजांचे ताम्रपट सापडले आहेत. त्यांतला दुसऱ्या पृथिवीषेणाचा ताम्रपट 'बालाघाट ताम्रपट' म्हणूनच ओळखला जातो. तो वाचून प्रसिद्ध केला कीलहॉर्न या जर्मन संस्कृत पंडितानं, आणि पुढे नागपूरच्या म. म. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे सगळे कोरीव लेख एकत्र केले, त्यातही तो घेतला. पाचव्या शतकातला हा ताम्रपट अपुरा आहे. त्यात राजाची वंशावळ येते, पण कोणाला काय दान दिलं तो भाग कोरलेलाच नाही. मात्र त्या वंशावळीत राजाच्या आईचं नाव आहे. अज्झितभट्टारिका, कुंतलाधिपतीची कन्या.

कुंतल म्हणजे कुठला मुलूख? ढोबळमानानं आजचा दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक. म्हणजे आपलाच पट्टा! दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याकडची एक लेक विदर्भात सून म्हणून गेली आणि तिचा मुलगा राजा झाला. त्या राजाची वंशावळ कोरताना माहेर झाकलं नाही, उलट ठळकपणे नोंदवलं. याच घराण्यात त्याआधी पाटलीपुत्राच्या गुप्तांची लेक प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली होती. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या, म्हणजे वत्सगुल्म अर्थात आजच्या वाशीमच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची सुंदर लेणी खोदली गेली आणि तिथल्या दारांच्या चौकटींवर मकरावर उभ्या असलेल्या देवता आल्या. कोणती लेक माहेरून कोणती भाषा आणि कोणती कला घेऊन आली, हे आज वेगळं काढता येणार नाही. काढायचंही कशाला?

बहिणीला हे सांगितलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "ताई, म्हणजे माझ्या आधीच आपली एक इथे येऊन गेली की!"

तणीस, ट्यूब आणि करवंटी

मकर करायचा ठरला. अंगणात पसारा मांडला. पाठीचा कणा आणि बरगड्या बांबूच्या कामट्यांच्या. त्यावर तणीस, म्हणजे भाताचं वाळलेलं काड, सुतळीनं आवळून बांधलं. वर कागदाच्या लगद्याचा थर. लगद्यात भिजवून वाटलेली मेथी घातली. पूर्वी आपल्याकडे सुपं-टोपल्या अशाच लिंपायचे. मेथीनं लगदा चिकटून बसतो. सोंडेसाठी सायकलची जुनी ट्यूब, आत तार घातलेली, म्हणजे हवी तशी वळते. पायांना नदीकाठची चिकणमाती. खवल्यांना सोड्याच्या बाटल्यांची झाकणं ठोकून चपटी केली. शेपटीला वारासिवनीच्या एका विणकराकडचे उरलेले रंगीत धागे. वारासिवनी हे याच जिल्ह्यातलं हातमागाचं गाव. डोळ्यांना मँगनीजच्या दगडाचे दोन काळे, जड, चकचकीत तुकडे.

कानांपाशी अडलं. पुठ्ठा वाकेना, कापड उभं राहीना. मी म्हटलं, "अज्जीला विचार. तिनं देवळांत जितके मकर पाहिलेत तितके आपण कोणी पाहिले नाहीत." तो माझ्याकडे बघत राहिला. मग फोन लावला. पहिलं वाक्य हिंदीत, दुसरं मराठीत. आई कन्नडमध्येच बोलत होती. "किवि दोड्डदु माडु," कान मोठे कर. "सोंडिलु मेलक्के इरबेकु," सोंड वर असली पाहिजे. आणि शेवटी म्हणाली, माझ्या सामानात खाली गुंडाळून ठेवलंय ते काढायला मावशीला सांग. मी येताना तिनं पोफळीची विरी दिली होती, झावळीच्या बुडाशी असतं ते चामड्यासारखं चिवट पान. कन्नडमध्ये 'हाळे'. बहिणीला पानगे थापायला म्हणून दिलं होतं ते! भिजवून कापलं आणि कान असे उभे राहिले की पोरगं टाळ्या पिटायला लागलं.

त्यानंतर दिवसातून तीन-तीनदा फोन. दातांना नारळाची करवंटी लावली, तेव्हा अज्जी म्हणाली 'करट'. "करवंटी, करट... मावशी, हे तर सारखंच आहे!" सोंडही तशीच, सोंडिलु. मोराला नविलु आणि डोळ्याला कण्णु, हे मात्र अगदी वेगळे. शेपटीला काय म्हणतात? 'बाल'. यावर तो थांबला आणि खो-खो हसत म्हणाला, "म्हणजे आपण शेपटीच्या घाटात राहतो!" पलीकडून आईचं हसू ऐकू आलं. कितीतरी महिन्यांनी ते दोघं एका शब्दावर हसले होते.

त्यानं प्रत्येक अवयवाला चिठ्ठी लावली. हिंदी, मराठी आणि कन्नड, तिन्ही नावं देवनागरीत लिहून. प्रदर्शनात त्याला कोणीतरी विचारलं, "ये असली कौन-सा जानवर है?" बहीण शेजारीच उभी होती. तो म्हणाला, "सब मिलाके एक है. इसका नाम मकर है." बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर थर्माकोलच्या डॉल्फिनला गेला, आणि डॉल्फिन खरंच छान होता.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. वर्गातली पोरं अजून चिडवतात. आईशी बोलताना तो मधूनच हिंदीत घसरतो, कधी कंटाळतो. पण फोन आला की अंगणात पळत नाही. परवा त्यानं तिला विचारलं, खवल्यांना काय म्हणायचं? आईला शब्द पटकन आठवेना. "उद्या विचारून सांगते," म्हणाली आणि शेजारणीकडे गेली. म्हणजे आता तीही त्याच्यासाठी शब्द शोधते आहे.

आपल्या घरातला मकर

सीमाभागात आपल्याला हा प्रश्न जन्मभर विचारला जातो. फॉर्मवर 'मातृभाषा' लिहायला एकच रेघ असते. लग्नकार्यात कोणी विचारतं, "तुम्ही त्यांच्यातले की आमच्यातले?" मोठी माणसं उत्तर देतात किंवा टाळतात, त्यांना सवय झालेली असते. मुलांना ती सवय नसते. ती स्वतःमधलं काहीतरी कापून उत्तर सोपं करू बघतात. आणि कापलं जातं ते बहुधा आजीचं, कारण ती सगळ्यात लांब असते आणि सगळ्यात कमी भांडते.

अशा वेळी मुलाला 'दोन्ही भाषा शिकणं फायद्याचं असतं' असं व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. त्याला हातात धरता येईल असं काहीतरी द्यावं लागतं. मकर करून बघा. वर्तमानपत्रं, सुतळी, झाकणं, करवंटी, चिंध्या, सगळं घरातच असतं. मेथी-लगदा सावलीत वाळवा, घाई केली तर तडकतो. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. सोंड वर ठेवा. आणि एक तरी अवयव असा ठेवा की तो कसा करायचा किंवा त्याला काय म्हणायचं, हे आजी-आजोबांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

एक गोष्ट मुलाला नकाशावरही दाखवा. बालाघाटची वैनगंगा वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. आपल्या घटप्रभा-मलप्रभा कृष्णेला मिळतात आणि कृष्णाही त्याच समुद्राला. आज्जीच्या गावचं पाणी आणि नातवाच्या गावचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच जातं. आपला मकर राहत असेल, तर तिथेच कुठेतरी राहत असणार.

येत्या संक्रांतीला ताटात तिळगूळ ठेवाल, एळ्ळु-बेल्ल ठेवाल, काटेरी हलवा नाहीतर कुसुरेळ्ळु म्हणाल. जे म्हणाल ते मुलांसमोर दोन्ही भाषांत म्हणा. आणि प्रभावळ घासायला काढाल तेव्हा त्या दोघा मकरांच्या सोंडा, कान, शेपट्या जरा मन लावून पुसा. खाचांत शेंदूर साठून त्यांचे डोळे बुजलेले असतात.